मूक प्रायोगिक फिल्म: सेकंदाला १८ फ्रेम की २४?

१६ मिमी फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे ४० चित्रं. १०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमनं २ मिनिटं ४७ सेकंदांत संपतं, १८ नं ३ मिनिटं ४२ सेकंद चालतं. मूक म्हणजे १८ च, असं धरून चालू नका. कित्येक प्रायोगिक मूक फिल्म २४ साठी बनल्यात. डब्यावरची नोंद आधी वाचा. फ्रेम-फ्रेम मोजून जोडलेल्या फिल्मचा ठेका चुकीच्या वेगावर पार मोडतो.

लुकलुकीचा हिशोब शटरवर, म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्याचा उजेड अडवत फिरणाऱ्या पात्यांवर. तीन पात्यांचं शटर १८ वर सेकंदाला ५४ वेळा उजेड टाकतं, ते डोळ्यांना चालतं. दोन पात्यांचं ३६ वेळाच, त्यात पडदा थरथरतो. मात्र २४ वर ते ४८ देतं आणि उजेडही जास्त. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या शाळेच्या हॉलमध्ये पुरता काळोख होत नाही, तिथे हा उजेड कामाला येतो.

१८ वर प्रत्येक फ्रेम दिव्यासमोर एक तृतीयांश जास्त वेळ थांबते. पावसाळी दमट हवेत मऊ पडलेलं इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) गेटला, म्हणजे दिव्यासमोरच्या फिल्मच्या चौकटीला, चिकटू शकतं, म्हणून दर रिळानंतर गेट लाकडी काडीनं साफ करा, धातूनं कधीच नाही.

इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. ६० हर्ट्झसाठीचा असा प्रोजेक्टर पुली न बदलता आपल्या ५० हर्ट्झवर लावला, तर २४ चे २० होतात, १८ चे १५. जनरेटरवर तर वेग हलतोच. वेग तपासायला लीडरवर (फिल्मला जोडलेल्या कोऱ्या पट्टीवर) ३६ फुटांची खूण करून घड्याळ लावा: २४ वर ६० सेकंद, १८ वर ८०.