माळ, बंदूक आणि मधली रेघ: भरतीला निघालेल्या भाच्यासाठी

बहिणीच्या घरी, कोरेगाव तालुक्यात, पहाटे पावणेपाचला दोघं उठतात. एक तिची सासू. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात हरिपाठ. दुसरा माझा भाचा. बुटाच्या नाड्या आवळून ग्राउंडवर, सोळाशे मीटर पळायला. सैन्यभरतीच्या अकॅडमीतल्या सरांनी त्याला रोज चार अंडी खायला सांगितलीत आणि माळकरी घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही. तिथून वाद सुरू झाला. परवा म्हातारीनं उंबऱ्यातच त्याला गाठलं, "अंडं खायला लागलास, उद्या माणसावर गोळी घालशील. हे बसतं का रं आपल्यात?" रात्री मला फोन: "मामा, फौजेत जाणं आपल्या धर्मात चालतं का नाही, एकदाचं सांग."

"चालतं का" असं विचारलं की बहुतेक धर्मांत उत्तर येतं, "चालतं, पण". खरी माहिती त्या "पण"च्या पुढे असते. कोण कुठे रेघ ओढतं, एवढंच मी त्याच्यासाठी शेजारी शेजारी मांडलं. त्याच्यासारखी पोरं सातारा-सांगलीत गल्लोगल्ली आहेत, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात शेजारापासून. सांगलीत माझ्या बांधाला लागून अण्णांची द्राक्षबाग आहे. दिगंबर जैन घर, सूर्य मावळला की घास नाही, कांदा-बटाटा नाही. पण घडावर थ्रिप्सची कीड दिसली की हेच अण्णा ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून बागेत. एकदा चेष्टेनं विचारलं तर त्यांनी औषधानं पिवळी झालेली चार बोटं पुढे केली, एकेका बोटावर हिंसेचा एकेक प्रकार. मारायचंच म्हणून मारणं ही संकल्पी हिंसा. चूल, झाडलोट, दळणकांडण यात होते ती आरंभी. शेती-धंद्यात होते ती उद्योगी. अंगावर आलेल्याला रोखताना होते ती विरोधी. मुनी चारही सोडतात. संसारी माणसानं पहिली पूर्ण सोडायची आणि उरलेल्या तीन जमेल तेवढ्या कमी करायच्या. अहिंसा इतकी कडक मानणाऱ्या धर्मात सैनिकाला जागा आहे ती या चौथ्या बोटात. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. आणि त्यानं मूर्ती कुणाची उभारली? सैन्यं कापली जाऊ नयेत म्हणून भावाशी एकट्यानं लढलेल्या, आणि जिंकल्यावर राज्य टाकून उभ्यानं तपाला लागलेल्या माणसाची.

माझ्या मते निर्णय घेणाऱ्याला ही चार बोटं सगळ्यात उपयोगी. एक खोट मात्र आहे. जगातली प्रत्येक फौज आपली हिंसा "विरोधी"च आहे असं सांगते.

बौद्ध मांडणी याला लागूनच आहे, पण वळण वेगळं. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नाव घातलेल्या बाबासाहेबांनी पुढे बुद्धाची अहिंसा समजावताना दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज. त्यांच्या म्हणण्यानुसार बुद्धानं अहिंसा हा नियम केला नाही, तत्त्व म्हणून दिली. नियम एकतर पाळता येतो नाहीतर मोडतो. तत्त्व तुमच्यावर विचार करायची जबाबदारी टाकतं. हे सांगणारा माणूस सुभेदाराचा मुलगा होता आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून सरकारच्या मागे लागला होता. अशोकाचंही तेच. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख नेली गेली, हे त्यानं स्वतः शिलालेखात कोरून पश्चात्ताप मांडला. पण त्याच लेखात जंगलातल्या टोळ्यांना दमही भरला, की पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा करायची ताकद अजून आहे.

आता गीता, कारण आजीच्या देवघरात तीच आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून अर्थ काढला, कर्तव्य म्हणून लढ. गांधींनी त्याच श्लोकांचा अर्थ काढला, कुरुक्षेत्र माणसाच्या आत आहे. ज्या विनोबांनी वाईला राहून वेदान्ताचा अभ्यास केला, त्यांनाच १९४० मध्ये गांधींनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं. युद्धाला माणूस देणं आणि पैसा देणं चूक, हीच घोषणा द्यायची होती. आणि ज्या जिल्ह्यातल्या वाईत त्यांनी उपनिषदं वाचली, त्याच जिल्ह्यातलं अपशिंगे पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावून बसलं होतं. गावाच्या नावापुढे "मिलिटरी" लागलं ते लागलंच.

गांधी सोपे नाहीत, हेही भाच्याला सांगावं लागलं. १९१८ मध्ये ते गुजरातच्या खेडा जिल्ह्यात इंग्रजांसाठी भरतीच्या प्रचाराला हिंडले. १९२० मध्ये त्यांनी लिहिलं, की भेकडपणा आणि हिंसा एवढ्या दोनच वाटा उरल्या तर मी हिंसेचा सल्ला देईन. म्हणजे "मला मारामारी झेपत नाही" याला ते अहिंसा म्हणत नव्हते.

यावर आपल्याच मातीत झालेला वाद पत्री सरकारचा, म्हणजे इंग्रजांना झुगारून सातारा भागात चाललेल्या प्रतिसरकारचा. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागे उभे राहिलेल्यांनी काय करावं? त्यांनी प्रतिसरकार चालवलं. गावोगाव न्यायदान मंडळं काढली, दरोडेखोर आणि सावकारांना वठणीवर आणलं, हुंडा आणि मानपान टाळून कमी खर्चाची लग्नं लावली. त्या लग्नांना नाव काय, तर गांधी विवाह. आणि हेच लोक खबऱ्यांच्या तळपायावर काठ्या हाणत, जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवून सरकारी खजिना नेत. १९४४ मध्ये सुटून आल्यावर गांधींनी भूमिगतांना उघड व्हा म्हणून सांगितलं. नाना पाटील मात्र १९४६ पर्यंत बाहेर आले नाहीत. लग्न गांधींच्या नावानं आणि काठी स्वतःच्या हिशेबानं. मला हे ढोंग वाटत नाही. नि:शस्त्र मोर्चावर गोळ्या झाडणाऱ्या राज्यात खबऱ्याचं काय करायचं याला त्या पोरांकडे दुसरा इलाज नव्हता. पण त्या काठ्या खाणाऱ्यांत एखादा निरपराध असेल तर त्यानं दाद कुठे मागायची? न्यायदान करणारे आणि काठी धरणारे एकच. मला इथे अडखळायला होतं.

इस्लाम आणि ख्रिस्ती परंपरा मला दुरून ठाऊक, म्हणून थोडक्यात. कुराण लढणाऱ्यांशी लढायची मुभा देतं आणि त्याच वाक्यात हद्द ओलांडू नका म्हणतं. पहिले खलिफा अबू बक्र यांनी फौजेला बजावलं होतं, बायका, मुलं, म्हातारे मारायचे नाहीत, फळझाडं तोडायची नाहीत. ख्रिस्ती धर्मात दोन सरळ वाटा आहेत. दुसरा गाल पुढे करा हे क्वेकर पंथानं शब्दशः घेतलं आणि शस्त्र टाकलं. ऑगस्टीन आणि अक्वायनस या धर्मपंडितांनी न्याय्य युद्धाच्या अटी घातल्या: अधिकार असलेल्या सत्तेनं पुकारलेलं हवं, कारण रास्त हवं, हेतू शुद्ध हवा. कागदावर ही यादी सगळ्यात नीटनेटकी. पण ती तपासतो राजा, शिपाई नाही.

भाच्याच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. ब्रिटननं १९१६ मध्ये सक्तीची भरती आणली तेव्हा सदसद्विवेकबुद्धीनं नकार देणाऱ्यांसाठी कायद्यातच वाट ठेवावी लागली. आपल्याकडे सक्ती नाही, माणूस आपल्या पायानं आत जातो. म्हणजे "लढू की नको" हा निर्णय भरतीच्या दारातच होतो. नंतर कुठली लढाई पटते आणि कुठली नाही, हे जवानाला निवडता येत नाही. आर्मी ॲक्टमध्ये आज्ञाभंगाचा गुन्हा "कायदेशीर आदेश" मोडण्याचा आहे, एवढी एक फट. त्या फटीची किंमत इंग्रजांच्या फौजेतल्या चंद्रसिंग गढवालींनी मोजली. २३ एप्रिल १९३० ला पेशावरात पठाणांना अहिंसा शिकवणाऱ्या खान अब्दुल गफार खानांच्या माणसांचा नि:शस्त्र जमाव समोर असताना गढवाली जवानांनी गोळी झाडायला नकार दिला. कोर्ट मार्शल झालं आणि चंद्रसिंगांना जन्मठेप. पठाण नि:शस्त्र उभे होते, यांच्या हातात रायफल होती. त्या दिवशी दोन्हीकडचे अहिंसकच होते म्हणायला हरकत नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं, धर्म बाजूला ठेव आणि हे ठरव: असा कुठला हुकूम आहे जो तू जन्मठेप झाली तरी पाळणार नाहीस? एकही आठवत नसेल तर थोडं थांब. आणि प्रत्येकच हुकूम तसा वाटत असेल तर भरतीला जाऊ नकोस, दुसऱ्याची जागा अडवशील.

मधली वाट म्हणून मी नर्सिंग असिस्टंटचं सुचवलं. वर्दी आहे, आघाडी आहे, पण काम जखमी उचलण्याचं. त्याला बारावी सायन्स आणि बायॉलॉजी लागतं. पोरानं अकरावीलाच आर्ट्स घेतलंय, "सकाळी प्रॅक्टिकल नसतं, ग्राउंडला जाता येतं" म्हणून. तेव्हा तो जीडीचाच, म्हणजे जनरल ड्युटीवाल्या साध्या जवानाचाच, फॉर्म भरणार आहे.

मी असतो तर गेलो नसतो, हेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुमची बाग आहे." त्यावर मी काय बोलणार.

गेल्या रविवारी गेलो तर गोठ्याच्या कडेला तीन विटांची चूल दिसली, वर काळवंडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. बहीण म्हणाली, सासूबाईंनीच मांडून दिलीय. म्हातारी आतून ओरडली, "माझी भांडी घेऊ नगं म्हणावं. आन् टरफलं उकिरड्यावर नको, खड्ड्यात पूर."