एनसीडीयू: रात्री भरणारी आणि सकाळी रिकामी दिसणारी डिस्क

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत किंवा निपाणीकडच्या पतसंस्थांत कोपऱ्यात एकच लिनक्स सर्व्हर असतो. रात्री ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणून रिपोर्ट बंद पडतो, सकाळी ‘डीएफ’ (डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी आज्ञा) बघावं तर भरपूर जागा. कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते दाखवणारं, फुकट मिळणारं एनसीडीयू (ncdu) अशा वेळी कितपत कामाचं?

मोठं फोल्डर शोधायला उत्तम. चालवताना ‘एक्स’ (-x) पर्याय द्या, नाहीतर ते जोडलेल्या बॅकअप डिस्कवरही फिरत बसतं. ‘आर’ (-r) पर्यायही द्याच; त्यानं चुकून ‘डी’ दाबून काही पुसलं जात नाही.

पण येणारा-जाणारा दोष ते दिवसा पकडू शकत नाही. सॉर्ट (माहिती क्रमानं लावणारा प्रोग्राम) किंवा डेटाबेस तात्पुरत्या फायली लिहितो, जागा संपते, काम कोलमडतं, फायली जातात आणि पुरावाही. म्हणून क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी लिनक्सची सोय) रात्री दर पाच मिनिटांनी ‘डीएफ’ची नोंद डिस्कच्या दुसऱ्या विभाजनावर (पार्टिशनवर) ठेवा. नेमकी वेळ कळली की त्या वेळी ‘ओ’ (-o) पर्यायानं एनसीडीयूची नोंद फाइलमध्ये घ्या, सकाळी ‘एफ’नं (-f) उघडा. या दोन पर्यायांसाठीच ते ठेवावं.

पुसलेली पण प्रोग्रामनं उघडी धरलेली लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) एनसीडीयूला दिसतच नाही. डीएफ आणि एनसीडीयूचे आकडे जुळेनात, तर अशा उघड्या फायली दाखवणारी ‘एलएसओएफ +एल१’ (lsof +L1) ही आज्ञा चालवा आणि तो प्रोग्राम रीस्टार्ट करा. कन्नड-मराठी पावत्यांच्या लाखो चिमुकल्या फायली असतील तर जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) संपतात. ते ‘डीएफ -आय’ (df -i) सांगतं. आणि ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखतं, हे विसरू नका.