एक गर्भ की दोन?

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, दोन गर्भ सोडले की यश दुप्पट, असं वाटतं खरं. पण ३६ वर्षांखालील ६६१ जणींवरचा, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला स्वीडिश पुढाकाराचा अभ्यास पाहा. दोन गर्भ एकदम: ४२.९ टक्के जणींना बाळ. आधी एक, तो न रुजल्यास गोठवलेला दुसरा: ३८.८ टक्के. बाळंतपणांत जुळी मात्र पहिल्या गटात ३३.१ टक्के, दुसऱ्यात ०.८!

दुसऱ्या खेपेचा खर्च आणि वाट पाहणं जिवावर येतं, कबूल. पण जुळी बरेचदा दिवस भरण्याआधीच येतात. मग काचेच्या पेटीतल्या दीड किलोच्या बाळाला आई गोल खिडकीतून हात घालून नुसती स्पर्श करते. वय कमी, गर्भ चांगला असेल तर मी एकाच्याच बाजूने. चाळिशीजवळ गणित बदलतं. तिथे डॉक्टरांशी सविस्तर बोला.