बैलचलित चिखलणी यंत्र: चाल वाचते, नांगरट नाही

लोखंडी चौकट, आसावर तीन चक्रं, प्रत्येकावर बोल्टने आवळलेली चार पाती, मागे धरायची मूठ म्हणजे रुमणं, पुढे दांडी. भातलावणीआधी खाचरात चिखल करायचं यंत्र एवढंच. त्याची किंमत कळते ती बैलांच्या चालीचा हिशोब मांडल्यावर.

देशी नांगराचं तास, म्हणजे एका फेरीत पडणारी चर, साधारण 15 सेंटिमीटर रुंद. त्यामुळे हेक्टरभर एक पाळी घालायला (सगळ्या रानावरून एकदा फिरायला) बैलजोडी 66 किलोमीटरहून जास्त चालते. 80 सेंटिमीटर रुंदीच्या या यंत्राला तेच काम साडेबारा किलोमीटरमध्ये उरकतं. चिखलातून पाय उपसण्यातच बैल दमतो, त्यामुळे खरी बचत इथे आहे. ताशी 2 किलोमीटर चाल आणि वळणांचा वेळ धरून हेक्टरी पाळीला सुमारे 9 तास लागतात. दोन पाळ्यांना ऊर्जाखर्चाचे रूढ गुणक, जोडीचे ताशी 10.10 आणि माणसाचे 1.96 मेगाज्यूल, लावले, तर बेरीज 217 मेगाज्यूलच्या आसपास जाते. म्हणजे जेमतेम चार लिटर डिझेलची ऊर्जा! तेवढीच ऊर्जा 8 किलो युरियामागेही खर्ची पडलेली असते. खताचा हात सैल असेल तर इथली बचत तिथे गेली.

न नांगरलेल्या रानात मात्र हे यंत्र नुसतं वरवर खरवडतं. आधी नांगरट, मग खाचरात 5 ते 8 सेंटिमीटर पाणी. पाणी कमी पडलं की चिकण माती पात्यांना लिंपते, चक्रं फिरायची थांबतात आणि जोडी अख्खं यंत्र फरफटत नेते. जास्त झालं तर ढेकळं तरंगत्या चिखलाखाली तशीच राहतात. जोडीची सलग ओढ तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच ठेवावी: 800 किलोची जोडी असेल तर 80 किलो. दांडी आणि जू यांच्यामध्ये स्प्रिंगकाटा अडकवला की ती दिसते. काटा सारखा वर राहत असेल तर चौकटीवर ठेवलेलं वजन आधी उतरवा. खांदेसूज आल्यावर ऐन लावणीत जोडी बसून राहते.

सर्वांत कच्ची जागा म्हणजे आसाच्या टोकांचे लाकडी बुश, म्हणजे आस ज्यांत फिरतो ती कडी. रेताड गाळ शिरला की ते एका बाजूने झिजतात, आस डगमगतो आणि पाती चौकटीला घासू लागतात. बुश बसवण्याआधी तेलात मुरवा, जादा जोड जवळ ठेवा आणि आसाला गुंडाळलेलं काड काम संपताच कापून काढा. वाळल्यावर ते निघता निघत नाही.