आई-बाबांना घेऊन आयल ऑफ वाइट: बोट कुठली धरायची?

आयल ऑफ वाइट इंग्लंडच्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तरीही सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन दोन रात्रींसाठी तिथे जायचं, तर सहल रमतगमत होणार की पहिल्याच दिवशी गुडघे बोलायला लागणार, हे हॉटेलवर कमी आणि बोटीवर जास्त ठरतं. मधली सोलेंट सामुद्रधुनी ओलांडायला सहा वाटा आहेत. बहुतेक जण त्यातली सगळ्यात स्वस्त किंवा सगळ्यात कमी वेळाची निवडतात आणि इथेच गणित चुकतं.

कागदपत्रांची चिंता नको. बेट इंग्लंडचाच भाग आहे, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना वेगळी परवानगी लागत नाही, बोटीवर पासपोर्ट तपासणीही होत नाही.

पायी जाणाऱ्यांसाठी आमची पहिली पसंती पोर्ट्समथ हार्बर ते बेटावरचं राइड पिअर हेड या वाइटलिंक कंपनीच्या कॅटामरानला, म्हणजे दोन सांगाड्यांच्या जलद बोटीला. वेळ साधारण २२ मिनिटं. लंडनच्या वॉटर्लूहून थेट गाडीने दीड ते दोन तासांत हार्बर स्टेशन येतं आणि बोटीचा धक्का त्याला अगदी लागून आहे. बॅग ओढत रस्ता ओलांडायचा नाही, टॅक्सी शोधायची नाही. फक्त गाडीतून उतरण्याची घाई करू नका. आधी ‘पोर्ट्समथ अँड साउथसी’ लागतं आणि पाटीवर पोर्ट्समथ वाचून निम्मा डबा उठतो. आपलं स्टेशन त्याच्या पुढचं, शेवटचं. तिकीट लंडन ते राइड किंवा थेट बेटावरच्या शँकलिन गावापर्यंतचं काढता येतं, त्यात बोटही धरलेली असते. धक्क्यावरून बोटीत जाणाऱ्या उतारपुलाचा चढउतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. ओहोटीला उतार जास्त होतो, अशा वेळी गर्दी पुढे जाऊ द्यावी आणि आईचा हात कठड्यावर असू द्यावा.

राइडला उतरल्यावर समोर लाकडी फळ्यांचा लांबलचक पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला धक्का, दिसतो, जवळजवळ पाऊण किलोमीटरचा. १८१४ साली सुरू झालेला हा पिअर इतका लांब का, हे ओहोटीला कळतं. समुद्र मागे सरतो आणि किनाऱ्यापुढे नुसती वाळू उरते, त्यामुळे बोटीला पाणी मिळायला तेवढं आत जावंच लागतं. हा पिअर चालत पार करायचा मोह टाळा. वारा आडवा लागतो आणि बसायला आडोसा कमी. बोटीशेजारीच आयलंड लाइन या बेटावरच्या रेल्वेची गाडी उभी असते, तिने एक स्टेशन जायचं. बाबांना आगगाड्यांची आवड असेल तर त्यांना सांगा की हे डबे लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरून निवृत्त होऊन, डागडुजी होऊन २०२१ मध्ये इथे आले. त्याआधी इथे १९३८ सालचे भुयारी रेल्वेचे डबे धावत होते.

हॉवरक्राफ्ट पोर्ट्समथच्याच साउथसी किनाऱ्यावरून राइडला साधारण दहा मिनिटांत पोहोचतं. हवेच्या गादीवर तरंगतं, म्हणून ओहोटीच्या वाळूवरूनही सरळ किनाऱ्यावर येतं. एकदा अनुभवावं असं आहे, यात वाद नाही. पण त्यासाठी पोर्ट्समथला स्टेशनवरून वेगळी बस किंवा टॅक्सी करावी लागते, आवाज मोठा असतो (श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी ते आधी कमी करावं) आणि लाटा वाढल्या की फेऱ्या रद्द होण्यात याचा नंबर पहिला लागतो. आमचं मत असं: जाताना कॅटामरान, आणि हवा शांत असेल तर येताना हॉवरक्राफ्ट. उलट करू नका. येतानाच्या वाटेत फेरी रद्द झालीच, तर राइडमध्येच कॅटामरानचा पर्याय हाताशी असतो.

साउदम्प्टनहून जाणाऱ्या रेड फनेलच्या दोन सेवा आहेत आणि सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जलद रेड जेट वेस्ट काउजला जातं, मोटारी नेणारी मोठी फेरीबोट ईस्ट काउजला. मध्ये मेडिना नदी. नकाशावर दोन्ही गावं हातभर अंतरावर दिसतात, पण पलीकडे जायला साखळीवर ओढली जाणारी ‘फ्लोटिंग ब्रिज’ फेरी घ्यावी लागते. ती बंद असली तर न्यूपोर्टवरून वळसा. व्हिक्टोरिया राणीचं ऑस्बॉर्न हाउस ईस्ट काउजला आहे, हे तिकीट काढण्याआधी लक्षात असू द्या.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी पोर्ट्समथ ते फिशबोर्न (सुमारे ४५ मिनिटं), लिमिंग्टन ते यार्मथ (सुमारे ४०) किंवा साउदम्प्टन ते ईस्ट काउज (सुमारे तासभर) यातून निवडावं. भाडं दिवस-वेळेप्रमाणे बेफाम बदलतं. शुक्रवार संध्याकाळ आणि शाळेच्या सुट्ट्या सगळ्यात महाग. प्रवासात गाडीत बसून राहता येत नाही, वरच्या डेकवर जावंच लागतं. म्हणून चेक-इनच्या खिडकीवरच ‘लिफ्टजवळ गाडी लावायची आहे’ असं सांगा. रांगेत लागल्यावर सांगून उपयोग नाही, तोपर्यंत गाड्यांची मांडणी ठरलेली असते.

रेल्वेत व्हीलचेअर किंवा मदतनीस हवा असेल तर ‘पॅसेंजर असिस्ट’ ही मोफत सेवा आहे. प्रवासाच्या दोन तास आधीपर्यंत नोंदवता येते. बोटीच्या कंपनीला मात्र वेगळं कळवा. एकाला सांगितलं म्हणजे दोघांना कळलं, असं गृहीत धरू नये. दोघेच जाणार असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड बघा: दोघांची नावं-फोटो कार्डावर, तिकिटावर एक तृतीयांश सूट, पण आठवड्याच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. आईसोबत साडेनऊच्या आधी निघायचं तरी कशाला?

मुक्काम राइडला करावा. गाव काही फार देखणं नाही. शँकलिन-व्हेंटनर जास्त सुंदर. पण हॉवरक्राफ्ट, रेल्वे आणि बस राइडच्या एस्प्लनेडवर (समुद्रकाठच्या रस्त्यावर) एकाच जागी आहेत आणि दोन रात्रींसाठी तेच मोलाचं. युनियन स्ट्रीट चांगलीच चढणीची आहे, तेव्हा वरच्या टोकाचं हॉटेल घेऊ नका. बुकिंग करताना तीन प्रश्न विचाराच: लिफ्ट आहे का, खोली तळमजल्यावर मिळेल का, आणि शॉवर टबमध्ये आहे की वेगळा. बेटावरची बरीच हॉटेलं व्हिक्टोरियन काळातली घरं आहेत. जिने अरुंद आणि शॉवर टबच्या आत. टबची उंच कड ओलांडताना पाय घसरतो, आणि धरायला कठडा असेलच असं नाही.

बसने बेट छान फिरता येतं. सदर्न व्हेक्टिसची ४ नंबरची बस राइडहून ऑस्बॉर्न हाउसला नेते, ९ नंबर न्यूपोर्टला. तिथून ७ नंबर यार्मथकडे आणि पुढे अ‍ॅलम बेला. २०२५ पासून इंग्लंडमध्ये एका फेरीचं कमाल भाडं ३ पौंड आहे, पण दिवसात तीन-चारदा चढउतार असेल तर दिवसाचा पास हिशेबाला बरा पडतो का ते बघा. ज्येष्ठांचा मोफत बसपास पाहुण्यांना मिळत नाही.

एकच ठिकाण बघायचं असेल तर ऑस्बॉर्न. व्हिक्टोरिया राणीचं हे घर, २२ जानेवारी १९०१ रोजी ती इथेच वारली. आपल्या माणसांना थांबवून ठेवते ती दरबार रूम. लाहोरच्या मेयो स्कूलमधले भाई राम सिंग यांनी तिथले प्राचार्य लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीखाली १८९० च्या सुमारास ती सजवली. छतभर नक्षी, जाळ्या, कमानी, शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. लाकूड किंवा हस्तिदंत कोरल्यासारखं दिसतं, पण बरंचसं काम प्लास्टरचं आहे. जवळ जाऊन कडा बघितल्या की फरक कळतो. बाहेरच्या मार्गिकेत रुडॉल्फ स्वोबोडाने रंगवलेली भारतीय माणसांची चित्रं आहेत. राणीने त्याला १८८६ मध्ये त्यासाठी भारतात पाठवलं होतं. राजेमहाराजांची तैलचित्रं सगळीकडे असतात. इथे विणकर, शिपाई, कारागीर यांचे चेहरे आहेत, आणि आई-बाबा नेमके त्यांच्यापुढे रेंगाळतात. म्हणून घराला दोन तास द्या. राणीचा खासगी किनारा खाली उतारावर आहे, परतीला चढ लागतो. हिवाळ्यात घर ठरावीक दिवशीच उघडं असतं, आधी तारीख बघा.

नीडल्सचे चुनखडीचे सुळके बघायला अ‍ॅलम बेला जातात. तिथला खुर्च्यांचा रोपवे उघडा असतो, पाय लोंबकळत राहतात आणि वारा वाढला की बंद होतो. उंचीची भीती असेल किंवा गुडघे वाकत नसतील तर सोडून द्या, कारण खाली किनाऱ्यावर गोटेच गोटे आहेत. त्याऐवजी हंगामात धावणारी ‘नीडल्स ब्रीझर’ ही उघड्या टपाची बस कड्याच्या टोकावरच्या ओल्ड बॅटरी या जुन्या तोफांच्या ठाण्यापर्यंत जाते. वरच्या मजल्यावर ऑगस्टमध्येही स्वेटर आणि कानाला रुमाल हवा.

शाकाहारींसाठी एक सूचना: चिप्सच्या दुकानात चिप्स कशात तळतात ते विचारा. इंग्लंडमध्ये काही दुकानांत गोमांसाची चरबी वापरतात आणि बहुतेक ठिकाणी मासे त्याच तेलात तळलेले असतात. बरेच पब दुपारी जेवण ठरावीक वेळीच देतात, मग संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर बंद. पोळी-भाजीचा डबा बरोबर असलेला बरा. बेटावरचे टोमॅटो आणि लसूण खरोखर चांगले आहेत. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर झकास.

जूनमधला संगीत महोत्सव आणि ऑगस्टच्या सुरुवातीची काउज वीक ही शिडाच्या बोटींची शर्यत या काळात जाऊ नका. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट. मे किंवा सप्टेंबर उत्तम. औषधं मोठ्या बॅगेत ठेवू नका, आणि पाहुण्यांचा प्रवास विमा चालू आहे याची खात्री करा. इमर्जन्सी विभाग असलेलं बेटावरचं रुग्णालय न्यूपोर्टचं सेंट मेरीज. तातडीच्या विभागातले उपचार मोफत असले तरी दाखल करून घेतल्यावर परदेशी पाहुण्यांना बिल लागतं.

परतीच्या कॅटामरानमध्ये आईला उजव्या खिडकीशी बसवा. आधी समुद्रातले गोल किल्ले दिसतात, मग १७० मीटर उंचीचा स्पिनाकर टॉवर, आणि हार्बर स्टेशनवर पोहोचलात की शेजारीच १८६० सालची वॉरियर ही काळी युद्धनौका उभी असते.