मिनोर्का, कासी की ग्योजेक: शिडाच्या बोटीचा एकच दिवस हातात असेल तर?

युरोपच्या ट्रिपमधे हल्ली बरेच जण एक दिवस समुद्रासाठी ठेवतात, शिडाची बोट घेऊन कड्यांच्या आडोशाला लपलेले छोटे किनारे बघायचे म्हणून, आणि मग जागा ठरवतात फोटो बघून. फोटोंवर जाऊ नका, पाणी तिन्हीकडे सारखंच भारी दिसतं. कोकणात बोटीचा बेत भरती-ओहोटी बघून ठरतो, भूमध्य समुद्रात पाणी जेमतेम फूटभर वरखाली होतं, त्यामुळे तिथलं सगळं गणित वाऱ्यावर. आणि दुसरं म्हणजे तुमच्यातल्या किती जणांना नीट पोहता येतं.

मिनोर्का (स्पेनचं बेट) माझी पहिली पसंती. तिथला त्रासदायक वारा म्हणजे उत्तरेचा त्रामोंताना, पण तो सुटला तरी दक्षिण किनारा आडोशाला राहतो, आणि माकारेया, तुर्केता, मित्जाना हे पांढऱ्या वाळूचे किनारे नेमके तिकडेच. वारा दक्षिणेचा असेल तर उत्तरेला जायचं, तिथे प्रेगोंदाची लालसर वाळू आणि खडक. म्हणजे दिवस सहसा फुकट जात नाही. उन्हाळ्यात माकारेयाला खाजगी गाडी नेता येत नाही, सिउतादेया गावाहून बस करायची आणि दुपारी वाळूवर पाय ठेवायला जागा नाही, पण बोटीने सकाळी लवकर किंवा पाचनंतर गेलात तर तीच जागा एकदम वेगळी वाटते.

फक्त एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, बोट वाळूला लागत नाही. पोहणाऱ्यांसाठी पिवळ्या बोयांनी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी) जागा आखलेली असते, बोट त्याच्या बाहेर, पुढे पोहत किंवा पॅडलबोर्डने जायचं. पोहता न येणारा माणूस दिवसभर डेकवर बसून किनारा बघणार. नांगर टाकतानाही मजा असते, एक जण पुढे वाकून पाण्यात बघत असतो कारण खाली जे काळे पट्टे दिसतात ते पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत आणि त्यावर नांगर टाकायला बंदी आहे (2018 पासूनचा तिथला कायदा), त्यामुळे फिकट वाळूचा तुकडा सापडेपर्यंत बोट गोल गोल फिरते, जुलै-ऑगस्टमधे जरा जास्तच.

कासी (फ्रान्स) दिसायला तिघांत सगळ्यात नाट्यमय. पोर-मिउ, पोर-पां, आं-व्हो ही कड्यांमधली अरुंद आखातं, पांढरे चुनखडीचे कडे सरळ पाण्यात उतरलेले, 2012 पासून नॅशनल पार्क. पॅरिसहून मार्सेय टीजीव्हीने (वेगवान ट्रेनने) सव्वातीन तासांच्या आसपास, पुढे कासीला लोकल ट्रेन, म्हणजे पोचायला सगळ्यात सोपं. पण मिस्त्राल! हा उत्तरेचा वारा जोरात सुटला की बोटी रद्द, आणि थांबला तरी वरचं कोमट पाणी त्याने बाहेर ढकललेलं असतं आणि खालचं गार पाणी वर आलेलं, भर ऑगस्टमधे उडी मारलीत की ओरडालच. बोट रद्द झाली तर चालत जाऊ म्हणाल, तर वणव्याचा धोका असला की पायवाटाही बंद. प्रोव्हान्सला (कासी ज्या भागात आहे तिकडे) जाणारच असाल तर जून किंवा सप्टेंबरमधे जरूर करा, मुद्दाम त्यासाठी मी जाणार नाही. आणि हो, बंदरातून सुटणाऱ्या मोठ्या इंजिनवाल्या बोटी बहुतेक नुसत्या फिरवून आणतात, पाण्यात उतरू देत नाहीत.

आईबाबा सोबत असतील किंवा कोणाला बोट लागत असेल तर मात्र डोळे मिटून ग्योजेक (तुर्किये). फेथियेच्या आखातात बेटांच्या आड पाणी बरंच शांत, पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत, बोट मागून दोरीने किनाऱ्याला बांधतात, आणि हमाम कोयू या छोट्या आखातात तर पाण्यात बुडालेले जुने अवशेष आहेत. पाणी ऑक्टोबरपर्यंत उबदार. व्हेज खाणाऱ्यांची चंगळ, वांगी, दही, भाज्यांचे मेझे (छोट्या वाट्यांतले पदार्थ). तोटा असा की गुलेत म्हणून जी लाकडी बोट मिळते ती बहुतेक वेळ इंजिनवरच चालते, शिडं शोभेला. फेथियेहून निघणाऱ्या बारा बेटांच्या टूरमधे गाणी आणि गर्दी, शांतता विसरा, त्यापेक्षा ग्योजेकहून लहान बोट घ्या. व्हिसा वेगळा लागतो, पण तुमचा शेंगेन व्हिसा चालू असेल तर ई-व्हिसा मिळतो.

कुठलीही घ्या, पैसे भरायच्या आधी विचारा: डोकी किती, शीड खरंच उघडणार का, डिझेल धरून भाव आहे का, आणि वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की नुसती दुसरी तारीख. दुसरी तारीख म्हणाले तर बोट मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी बुक करा.