हॅम्बुर्ग ते फ्लेन्सबुर्ग रिजनल ट्रेन: श्लेस्विग-होल्स्टाइन बघायचं असेल तर हीच पकडा

आपल्यातले बरेच जण हॅम्बुर्ग बघतात, फार तर ल्युबेकला जाऊन मार्झिपान (बदामाची मिठाई) घेतात आणि तिथूनच मागे फिरतात. त्याच्या वरचं श्लेस्विग, म्हणजे जर्मनीच्या अगदी उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याचा वरचा भाग, राहूनच जातो. म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. हॅम्बुर्गहून फ्लेन्सबुर्गला जाणारी आरई 7 ही साधी रिजनल गाडी आहे, पण ह्या राज्याचा भूगोल, इतिहास, राजकारण सगळं त्याच एका लाईनवर लागतं. माझ्याकडून पाच पैकी पाच.

आधी तिकिटाचं. डॉइचलँड तिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल-रिजनल गाड्यांत चालणारा महिन्याचा पास, चालतं (2023 च्या मे मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63 झालंय, आणि ते सबस्क्रिप्शन असतं, तेव्हा पुढच्या महिन्यात नको असेल तर 10 तारखेच्या आत कॅन्सल करा). नसेल तर एका दिवसाचं श्लेस्विग-होल्स्टाइन तिकीट काढा, चार-पाच जण असाल तर स्वस्त पडतं, फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, न्यूम्युन्स्टरला ही गाडी तुटते, अर्धे डबे कीलला जातात आणि अर्धे फ्लेन्सबुर्गला, म्हणून चढतानाच डब्यावरचा बोर्ड वाचा.

सुरुवातीला खिडकीतून फार काही दिसत नाही, सपाट कुरणं, गाई आणि पवनचक्क्या. राज्यच तसं आहे, सगळ्यात उंच टेकडी बुंग्सबेर्ग, तीसुद्धा 170 मीटरच्या आतच. पश्चिमेला उत्तर समुद्र, पूर्वेला बाल्टिक, मधे ही चिंचोळी जमीन. ती मधे येते म्हणूनच तर कील कालवा खणला, 1887 ला काम सुरू आणि 1895 ला कैसर विल्हेल्म दुसरा ह्याच्या हस्ते उद्घाटन, जवळपास 100 किलोमीटर, जहाजांचा डेन्मार्कच्या टोकाला घालावा लागणारा वळसा वाचला.

आणि मग रेंड्सबुर्ग. इथे मोबाईल खिशात ठेवा. कालवा बांधून वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हाच नवीन मोठ्या युद्धनौकांसाठी तो रुंद करायला घेतला, जुने फिरते पूल चालेनात, म्हणून 1913 मध्ये हा लोखंडी पूल झाला, पाण्यापासून 42 मीटर उंच. पण स्टेशन पुलाच्या अगदी जवळ आणि खाली जमिनीवर, मग गाडी उतरणार कशी? तर रूळ गोल फिरवलेत, गाडी एका अख्ख्या वस्तीभोवती चक्कर मारत खाली येते आणि आपल्याच मार्गाखालून स्टेशनात शिरते! लोकांची घरं, बागा, पोरांच्या सायकली त्या गोलाच्या आत. मला हे कितीही वेळा बघितलं तरी कंटाळा येत नाही. इथे उतराच, कारण त्याच पुलाला केबलने टांगलेली एक फेरी आहे, माणसं-गाड्या घेऊन पाण्यावरून अधांतरी पलीकडे जाते, तीही फुकट. 2016 मध्ये जुनीला एका जहाजाची धडक बसली, आता चालते ती 2022 ची नवीन.

पुढे श्लेस्विग नावाचंच शहर. जवळच हाइथाबू, व्हायकिंगांचं व्यापारी गाव, आणि डानेव्हेर्क ही डेन लोकांची संरक्षक तटबंदी, दोन्ही 2018 पासून युनेस्कोच्या यादीत. 1864 मध्ये प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रिया मिळून डेन्मार्कवर चालून आले तेव्हा डॅनिश सैन्याने फेब्रुवारीच्या थंडीत हीच तटबंदी न लढता सोडली, पुढे एप्रिलमध्ये ड्यूबेलच्या लढाईत हरले आणि श्लेस्विग, होल्स्टाइन दोन्ही गेलं.

फ्लेन्सबुर्गला पोचल्यावर कळतं की गोष्ट तिथे संपली नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, इथल्या लोकांना मत विचारलं गेलं. उत्तरेकडच्या पट्ट्यात साधारण 75 टक्के लोक डेन्मार्क म्हणाले, त्याच्या खालच्या पट्ट्यात 80 टक्के जर्मनी, आणि तीच सीमा आजही आहे. दोन्हीकडे दुसऱ्या देशाला आपलं मानणारे लोक उरलेच, त्यांच्या हक्कांसाठी 1955 मध्ये बॉन (तेव्हाची पश्चिम जर्मनीची राजधानी) आणि कोपनहेगनने आपापलं जाहीर निवेदन काढलं. फ्लेन्सबुर्गात डॅनिश शाळा आहेत, डॅनिश लायब्ररी आहे, 1869 पासून चालू असलेला पेपर आहे. डॅनिश आणि फ्रिशियन (इथला आणखी एक अल्पसंख्य समाज) लोकांच्या एसएसडब्ल्यू ह्या पक्षाला निवडून यायला लागणारी 5 टक्के मतांची अट लागत नाही, 2012 ते 2017 तो कीलच्या, म्हणजे राज्याच्या, सरकारात होता आणि 2021 पासून बुंडेस्टागमध्ये (जर्मनीच्या संसदेत) त्यांचा एक खासदार आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, इतक्या लढायांनंतर भांडण मतपेटीत आणि कायद्यात आणून सोडवलं ह्या लोकांनी.

जुन्या कब्रस्तानातला इडश्टेटचा सिंह बघितल्याशिवाय परतू नका. इडश्टेटच्या लढाईतल्या 1850 च्या विजयासाठी डेन लोकांनी 1862 मध्ये उभा केला, प्रशियाने उचलून बर्लिनला नेला, 1945 मध्ये कोपनहेगनला गेला, आणि 2011 मध्ये डेन्मार्कने तो फ्लेन्सबुर्गला परत दिला.

कमी काय? पश्चिम किनारा, हाल्लिग बेटं, झ्युल्ट बेट, ह्यातलं काहीच ह्या लाईनवर नाही, त्यासाठी हुसुमकडची वेगळी गाडी. गाडीत खायला मिळत नाही, डबा घ्या, मासे खात असाल तर फ्लेन्सबुर्गच्या बंदरावर फिशब्रोट्शेन (पावात घातलेला मासा) खा. आणि शक्यतो शनिवारी जा, रविवारी दुकानं बंद असतात.